थरचे वाळवंट मानवनिर्मित आहे काय? : डीडवान्याच्या वालुकागिरीची साक्ष

अरवली पर्वताच्या पश्चिमेस सिंधूच्या खोऱ्यापर्यंत पसरलेल्या प्रदेशास मरुस्थळ, मारवाड, थर अशा निरनिराळ्या नावांनी ओळखले जाते. त्याच्या भारतातील भागाचे क्षेत्रफळ सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर भरते. पूर्वेस अरवलीच्या पायथ्याशी वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. जैसलमेरच्या पश्चिमेस तो १०० मिलिमीटरांच्या आसपास येऊन ठेपतो. या प्रदेशास भेट देणाऱ्या प्रवाशाचे लक्ष साधारणतः दोन गोष्टी वेधून घेतात. एक तेथील भूदृश्य, म्हणजे वालुकागिरींच्या रांगा, खारी सरोवरे आणि पिवळ्या दगडाचे किल्ले. व दुसरी तेथील कारागिरी, म्हणजे लोकरीचे पट्टू, ठशांनी छापलेली वस्त्रे, चामड्याचे व दगडाचे काम. या दोहोंचा परस्परांशी काही ऐतिहासिक संबंध आहे, हे प्रवासवर्णनांतून सहसा प्रतीत होत नाही. भूदृश्य हे अनादि आणि कारागिरी ही परंपरागत, एवढे म्हणून वर्णन करणारा पुढे जातो.

इतिहासाच्या अभ्यासकास मात्र असे पुढे जाता येत नाही. हे वाळवंट केव्हापासूनचे आहे, आणि ते निसर्गाने घडविले की माणसाने, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही. वाळवंट माणसाने निर्माण केले असे ठरले, तर त्याचा दोष अपरिहार्यपणे तेथील पशुपालकाच्या, त्याच्या शेळ्यामेंढ्यांच्या व उंटांच्या माथी येतो. आणि एकदा दोष निश्चित झाला की त्या लोकांना कुरणांतून दूर ठेवण्याचे धोरणही न्याय्य वाटू लागते. म्हणजे पुराणाश्मयुगाचा हा वाद हयात माणसांच्या उपजीविकेपर्यंत येऊन पोहोचतो. या वादाच्या निर्णयात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांचा वाटा मोठा आहे. तो कसा, हे येथे पाहावयाचे आहे.

१. आरोपाची पूर्वपीठिका

मरुभूमी ही मूळची नव्हे, ती कोणत्या तरी घटनेमुळे झाली, ही कल्पना फार जुनी आहे. वाल्मीकिरामायणाच्या युद्धकांडात समुद्राच्या विनंतीवरून रामाने द्रुमकुल्य नावाच्या प्रदेशावर बाण सोडल्याची व तो प्रदेश मरुकांतार बनल्याची कथा आहे. स्थानिक परंपरेतही नाहीशा झालेल्या नदीच्या आठवणी आहेत. आधुनिक काळात या कल्पनेला शास्त्रीय भाषा मिळाली, एवढेच.

स्वातंत्र्यानंतर वाळवंट पूर्वेकडे सरकत असल्याची भीती व्यक्त होऊ लागली. १९५२ मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेस ऑफ इंडिया या संस्थेने राजपुतान्याच्या वाळवंटाविषयी परिसंवाद भरविला. त्याच वर्षी जोधपूर येथे वनरोपणाचे केंद्र सुरू झाले आणि त्यातूनच १९५९ मध्ये केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था आकारास आली. १९६७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ रीड ब्रायसन व त्यांचे सहकारी डेव्हिड बेअरिस यांनी एक विचक्षण उपपत्ती मांडली. वायव्य भारतावरील हवेत आर्द्रता पुरेशी असूनही पाऊस पडत नाही. याचे कारण हवेत तरंगणारी दाट धूळ होय. ही धूळ अतिचराईने उघड्या पडलेल्या जमिनीवरून उठते. म्हणून चराई थांबविली तर गवत वाढेल, धूळ बसेल आणि पाऊसमानही सुधारेल, असा त्या उपपत्तीचा आशय होता. हिच्यातील तर्कसंगती आकर्षक होती. तथापि तीत एक गृहीत दडलेले होते. ते असे की, चराई करणारा माणूस व त्याची जनावरे वाळवंटाच्या आधी येथे आली. हे गृहीत हवामानशास्त्राच्या कक्षेतले नव्हते, ते इतिहासाच्या कक्षेतले होते; आणि त्याची परीक्षा वाळूत पुरलेल्या अवशेषांवरूनच होणे शक्य होते.

२. पुणे आणि मारवाड

मारवाडची ओळख पुण्यास नवीन नव्हती. १७५४ च्या सप्टेंबरात मेडत्याच्या परिसरात राठोडांचा पराभव करून जयाप्पा शिंद्यांनी विजयसिंहास नागौरच्या किल्ल्यात कोंडले. वेढा महिनोन् महिने चालला आणि १७५५ च्या जुलैत छावणीतच जयाप्पांचा दग्याने वध झाला. दत्ताजी शिंद्यांनी मोहीम पुढे चालवून १७५६ मध्ये तह घडवून आणला व अजमेर मराठ्यांकडे आले. मराठी इतिहासलेखनात हा प्रसंग राजकारणाच्या व सूडाच्या अंगानेच वर्णिला जातो. ज्या भूमीवर तो घडला तिचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः नागौर म्हणजे वाळवंटाची उंबरठ्याची भूमी. तेथे विहिरी मोजक्या, चारा ऋतूवर अवलंबून आणि किल्ल्याचे सामर्थ्य तटबंदीइतकेच आतील पाणीसाठ्यात सामावलेले. दक्षिणेच्या नद्यांकाठी वाढलेल्या फौजेला हा हिशेब अपरिचित असणे स्वाभाविक होते.

याच नागौरच्या मुलुखात, डीडवाना या खाऱ्या सरोवराच्या काठी, विसाव्या शतकात पुण्याहून दुसऱ्या प्रकारचे लोक आले. त्यांच्या कार्याची सुरुवात मात्र गुजरातेत झाली होती. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुनरुज्जीवित झाल्यावर पुरातत्त्वाचे अध्यापक डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया यांनी १९४१ पासून गुजरातेत प्रागितिहासाचे सर्वेक्षण हाती घेतले. मेहसाणा जिल्ह्यातील लांघणज येथे वाळूच्या टेकाडावर त्यांना सूक्ष्मपाषाणास्त्रे, प्राण्यांची हाडे व मानवी सांगाडे मिळाले. सांगाड्यांच्या अभ्यासात डॉ. इरावती कर्वे यांचा सहभाग होता. हाडांमध्ये गेंड्याचेही अवशेष निघाले. गेंड्याला दलदल व उंच गवत लागते. आजच्या लांघणजच्या परिसरात तो जगणे शक्य नाही.

लंडन विद्यापीठाचे प्रा. एफ. ई. झॉयनर सांकळियांच्या निमंत्रणावरून १९४९ मध्ये भारतात आले. त्यांनी गुजरातच्या या टेकाडांचे थर तपासले आणि १९५० मध्ये डेक्कन कॉलेजाने त्यांचा प्रबंध प्रसिद्ध केला. वाळू वाऱ्याने साठली तो शुष्क काळ आधीचा. ती स्थिरावून तीवर माती तयार झाली व गवत उगवले. आणि त्यानंतर सूक्ष्मपाषाणास्त्रे वापरणारे लोक तेथे राहावयास आले, असा क्रम त्यांना आढळला. येथेच उपरिनिर्दिष्ट गृहीताला पहिला तडा गेला होता. निदान गुजरातच्या सीमेवर तरी वाळू आधीची होती आणि माणसाची ही वसाहत नंतरची. पुढे ब्रिजेट ऑल्चिन, अँड्र्यू गुडी व बडोद्याचे के. टी. एम. हेगडे यांनी केलेल्या भ्रमंतीतून असे दिसून आले की, स्थिरावलेल्या प्राचीन वालुकागिरी आजच्या वाळवंटाच्या मर्यादेबाहेर पुष्कळ दूरवर पसरलेल्या आहेत. म्हणजे एके काळी वाळवंट आजच्याहून मोठे होते, आणि मग ते मागे हटले होते.

३. सरोवरांतील नोंद

वाळू वाहून जाते. तिच्यावर लिहिलेला इतिहास तुटक असतो. सरोवराच्या तळाशी बसलेला गाळ मात्र थरावर थर चढवीत जातो. गुरदीप सिंग यांनी सांभर, डीडवाना व लूणकरणसर या सरोवरांच्या गाळातील परागकणांचा अभ्यास करून १९७१ व १९७४ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी हवामान दमट होऊन सरोवरे भरली. पुढे एक अधिक पावसाचा काळ आला. त्यानंतर शुष्कता वाढली, असा त्यांचा निष्कर्ष होता. सिंधू संस्कृतीचा उत्कर्ष अधिक पावसाशी आणि ऱ्हास त्याच्या अभावाशी त्यांनी जोडला. गाळातील कोळशाचे कण व तृणधान्यासारखे पराग यांवरून माणसाने त्या वेळी रान जाळून काही प्रमाणात शेती केली असावी, असेही त्यांनी सुचविले.

ही मांडणी दीर्घकाळ ग्राह्य मानली गेली. तथापि १९९९ मध्ये येहुदा एन्झेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी लूणकरणसरच्या गाळाचे नव्याने कालमापन केले, तेव्हा हे सरोवर सुमारे ४,८०० रेडिओकार्बन वर्षांपूर्वीच आटले होते, असे निष्पन्न झाले. म्हणजे नगरे लयास जाण्याच्या शेकडो वर्षे आधी येथील शुष्कता आलेली होती. घग्गरच्या काठी कालीबंगा येथे बी. बी. लाल व बी. के. थापर यांनी १९६० ते १९६९ या काळात उत्खनन केले. तेथे नांगरलेल्या शेताच्या सऱ्या मिळाल्या. त्या स्थळाचे नावही टेकाडावर विखुरलेल्या काळ्या बांगड्यांच्या तुकड्यांवरून पडलेले आहे. तेथे लोक नांगर धरीत होते व बांगड्या घडवीत होते, त्या काळी प्रदेश आजच्यासारखाच कोरडा होऊ लागलेला होता. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सतलजचा हिमालयातून येणारा प्रवाहही घग्गरच्या पात्रातून सुमारे ८,००० वर्षांपूर्वी पूर्णपणे निघून गेला होता. मोठी नदी नव्हे, तर तिने मागे ठेवलेले रुंद, ओलावा धरणारे पात्र व पावसाळी पूर यांवर ही वस्ती उभी होती. अवर्षण आले म्हणून संस्कृती बुडाली, हे सरळ समीकरण त्यामुळे टिकत नाही.

४. डीडवान्याचे उत्खनन

लांघणजचा पुरावा वाळवंटाच्या कडेचा होता व सरोवरांचा पुरावा प्रामुख्याने गेल्या काही सहस्रकांचा. वाळवंटाच्या वयाचा निर्णय करावयाचा तर अधिक खोल जाणे आवश्यक होते. डेक्कन कॉलेजचे डॉ. वीरेंद्रनाथ मिश्र यांनी पश्चिम राजस्थानात लूणी नदीच्या खोऱ्यात पुराणाश्मयुगीन हत्यारांचा शोध विद्यार्थिदशेपासूनच घेतला होता. १९८० च्या सुमारास त्यांनी भूपुरातत्त्वज्ञ डॉ. शरद राजगुरू व इतर सहकाऱ्यांसह डीडवान्याच्या परिसरात काम केंद्रित केले. तेथील '१६ आर' या नावाने प्रसिद्ध झालेल्या वालुकागिरीत त्यांनी १८ मीटरांहून अधिक खोल छेद घेतला.

या छेदात वाऱ्याने आणलेल्या वाळूचे थर व चुनखडीच्या कंकराचे पट्टे आलटून पालटून येतात. वाळूचा थर म्हणजे टेकाड वाढत असल्याचा काळ. कंकराचा पट्टा म्हणजे ते स्थिर होऊन पावसाचे पाणी मुरत असल्याचा व त्यावर वनस्पती असल्याचा काळ. या थरांमध्ये निरनिराळ्या खोलीवर पुराणाश्मयुगाच्या भिन्न अवस्थांची हत्यारे त्यांच्या मूळ जागी सापडली. म्हणजे एकाच टेकाडावर माणूस पुनःपुन्हा येऊन राहिला होता.

कालमापनाचे काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत झाले. वाळूचा कण सूर्यप्रकाशात असतो तोवर त्यातील साठलेली ऊर्जा पुसली जाते. तो पुरला गेला की आसपासच्या किरणोत्सर्गामुळे ती पुन्हा साठू लागते. कण प्रयोगशाळेत तापविला असता ही ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते आणि तिच्या मोजमापावरून कण केव्हा पुरला गेला हे काढता येते. अशोक सिंघवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीने राजस्थानच्या वालुकागिरींचे वय ठरविल्याचा वृत्तांत १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे पद्धती अधिक सूक्ष्म झाल्यावर '१६ आर' चा सुमारे दोन लाख वर्षांचा इतिहास २०१० मध्ये मांडण्यात आला. त्यात वाळू साठण्याची व थांबण्याची अनेक आवर्तने आहेत.

या अभ्यासातून आणखी एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या पराकाष्ठेच्या वेळी, डीडवान्याचे सरोवर इतके आटले होते की त्याच्या तळावर मिठाचे थर बसले. वालुकागिरीही त्याच वेळी सर्वाधिक वाढल्या असतील, अशी स्वाभाविक अपेक्षा होती. परंतु त्यांची जोमदार वाढ त्यानंतर, नैर्ऋत्य मान्सूनचे वारे पुन्हा जोर धरू लागले तेव्हा झाली. वाळू हलविण्यास कोरडेपणा पुरेसा नसतो, वाराही लागतो. आणि थरमध्ये तो वारा मान्सूनच आणतो. जो वारा पाऊस आणतो तोच पावसाआधी वाळू उचलतो. ही यंत्रणा कोणत्याही कळपाहून फार मोठी आहे.

डीडवान्याजवळच्याच सिंगी तलाव येथे क्लेअर गेलार्ड व मिश्र यांनी अभ्यासलेल्या थरांत क्वार्ट्झाइटच्या हातकुऱ्हाडी व इतर हत्यारे मिळाली. त्यांतील अश्यूली अवशेष पूर्वी याहून फार जुने मानले जात असत. जेम्स ब्लिंकहॉर्न व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रत्यक्ष कालमापनानुसार ते सुमारे १,७७,००० वर्षांपूर्वीचे ठरतात. कटोती येथील मध्य पुराणाश्मयुगीन वस्तीचा प्रारंभ सुमारे ९५,००० वर्षांपूर्वीचा असल्याचे २०१३ मध्ये दाखविण्यात आले आहे. आकडे बदलले, निष्कर्षाची दिशा बदलली नाही. शेळीमेंढी माणसाळण्याच्या कितीतरी आधी येथे वालुकागिरी होत्या, आणि त्यांच्या सोबतीने माणूसही होता.

५. कारागिरीचा पुरावा

येथे कारागिरीचा प्रश्न भूदृश्याच्या प्रश्नाशी येऊन मिळतो. सिंगी तलावच्या माणसाने हत्यारांसाठी दगड निवडला तो परिसरातील टेकड्यांतला. त्याच थरांत सहा लहान स्फटिक मिळाले. त्यांचे आकारमान एवढे छोटे की त्यांपासून हत्यार घडणे अशक्य. तरीही कोणी तरी ते वेचून आणले होते. फ्रांचेस्को देरिको, गेलार्ड व मिश्र यांनी १९८९ मध्ये या स्फटिकांची चर्चा केली. त्यांवरून सौंदर्यदृष्टीचा सिद्धांत मांडणे धाडसाचे होईल; परंतु उपयोगापलीकडे वस्तूकडे पाहणारी नजर या भूमीत फार जुनी आहे, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

लूणीच्या काठी तिलवाडा येथे मिश्र यांनी उत्खनन केले. वाळूच्या टेकाडावरील या वस्तीत दगडांची गोलाकार मांडणी, चुली, हाडे व सूक्ष्मपाषाणास्त्रे मिळाली. वरच्या थरात त्याच हत्यारांसह चाकावरची भांडी, लोखंडाचे तुकडे व काचेचे मणी निघाले. दगडाची हत्यारे करणारे लोक कुंभार व मणीकार यांच्याशी देवाणघेवाण करीत होते, असा याचा अर्थ होतो. वाळवंटातील माणूस एकाकी नव्हता. याच तिलवाड्याला लूणीच्या कोरड्या पात्रात मल्लिनाथाची जनावरांची जत्रा भरते आणि जवळच्या बालोतऱ्याला कापडाच्या रंगाईछपाईची जुनी परंपरा आहे. प्राचीन वस्ती व आजची जत्रा यांत अखंड परंपरा असल्याचा दावा करता येत नाही. पण दोहोंचे कारण एकच आहे. नदीचे पात्र कोरडे दिसले तरी वाळूखाली पाणी असते, आणि जेथे पाणी तेथे जनावर, माल व कारागीर एकत्र येतात.

मरुभूमीची खरी मूलभूत कारागिरी पाण्याचीच आहे. पावसाचे पाणी साठविणारे टांके, वाळूतील झिरपा गोळा करणाऱ्या बेऱ्या आणि जैसलमेर भागात पालीवाल ब्राह्मणांच्या नावाशी निगडित असलेली खडीन पद्धती ही तिची उदाहरणे होत. खडिनात खडकाळ उतारावरचे पाणी मातीच्या लांब बांधाने अडवितात व ते मुरल्यावर ओलाव्यावर रब्बीचे पीक काढतात. मीठ हे दुसरे उदाहरण. डीडवाना व पचपदरा येथील मिठागरे १८७९ च्या करारान्वये जोधपूर दरबाराकडून इंग्रज सरकारकडे भाड्याने गेली आणि पिढीजात मीठ करणाऱ्यांचा धंदा सरकारी मक्तेदारीखाली आला. ज्या सरोवराच्या मिठात संशोधकांनी हिमयुग वाचले, त्याच मिठात वसाहतकाळाचाही इतिहास आहे. मिश्र यांनी पुढे वनवागरी या शिकारी जमातीचाही अभ्यास केला. शेतकऱ्यांच्या गावांच्या आसपास फिरत, पिकांची नासधूस करणाऱ्या प्राण्यांची शिकार करून जगणारे हे लोक, शिकारी व कृषिजीवन ही एकापाठोपाठ येणारी युगेच असतात असे नाही, ती शेजारीही नांदतात, याची साक्ष देतात.

६. उपसंहार

या सर्व पुराव्यावरून काय सिद्ध होते व काय होत नाही, हे नीट वेगळे करणे अगत्याचे आहे. थरचे वाळवंट पशुपालकाने निर्माण केले, हे मत टिकत नाही. निदान दोन लाख वर्षे ते वाऱ्याच्या व पावसाच्या बदलत्या प्रमाणानुसार वाढत व आक्रसत आलेले आहे. याचा अर्थ माणूस सर्वथा निर्दोष आहे असा मात्र नव्हे. स्थिर टेकाडे ट्रॅक्टरने नांगरली की वाळू मोकळी होते. खोल नलकूपांनी उपसलेले पाणी अल्प पावसाने भरून येत नाही. बालोतऱ्याच्या आधुनिक कापड कारखान्यांच्या सांडपाण्याने लूणीचे पात्र दूषित झाले आहे. परंतु ही हानी अलीकडच्या तंत्रांची व धोरणांची आहे. ती मेंढपाळाच्या खाती मांडणे हा कालविपर्यास होय.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावयास हवी. १९५८ मध्ये काम सुरू झालेल्या राजस्थान कालव्याने (आता इंदिरा गांधी कालवा) वाळवंटाच्या पश्चिम भागात पाणी नेले, शेती वाढली आणि असंख्य टेकाडे सपाट झाली. पाण्याची आवश्यकता कोणी नाकारणार नाही. तथापि सपाट झालेल्या प्रत्येक टेकाडाबरोबर एक छेद कायमचा नष्ट होतो. गावांनी देवाच्या नावाने राखलेली 'ओरण' ही चराऊ राने महसुली भाषेत 'पडीक' ठरतात, तेव्हाही तेच घडते. ज्या भूमीला काही इतिहास नाही असे आधी ठरविले जाते, तिचा इतिहास पुसण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

सांकळिया, झॉयनर, मिश्र, राजगुरू यांच्या कार्याचे महत्त्व म्हणूनच केवळ हत्यारांच्या वर्गीकरणात नाही. ओसाड म्हणून गणल्या गेलेल्या प्रदेशाला त्यांनी कालक्रम दिला आणि त्या कालक्रमाने एका मोठ्या लोकसमूहावरील आरोप दूर केला. त्यांनी तपासलेली स्थळे या विशाल प्रदेशाच्या मानाने अत्यल्प आहेत. लूणीचे खोरे, पचपदऱ्याचा परिसर व जैसलमेरच्या पश्चिमेची सुकलेली सरोवरे यांचा याच पद्धतीने अभ्यास होणे अवश्य आहे. आणि तो करू इच्छिणाऱ्याने भूविज्ञानाच्या साधनांबरोबरच विहीर खणणाऱ्याचे, मीठ पिकविणाऱ्याचे व कळप हाकणाऱ्याचे ज्ञानही साधन म्हणून मानले पाहिजे.